आल्प्सचें खोरें आणि अडीच वर्षांचा प्रवासी



लहान मूल घेऊन दूरच्या प्रवासास निघणाऱ्या गृहस्थाला दोन प्रकारचे सल्लागार हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "अहो, मूल जरा मोठें होऊं द्या. आतां नेऊन त्याला काय आठवणार आहे?" दुसरा म्हणतो, "एवढा पैसा खर्च करून जातांच आहांत, तर एकहि स्थळ सोडूं नका." पहिल्याचें ऐकावें तर प्रवास घडतच नाहीं. दुसऱ्याचें ऐकावें तर दहा दिवसांत आठ शहरें होतात, रोज सामानाची बांधाबांध होते, आणि मूल रडत कां आहे याचा विचार करायलाहि कोणाला सवड उरत नाहीं. आज ज्या सहलीविषयीं मी बोलणार आहें, ती या दोन्ही हितचिंतकांचा मान राखून, पण सल्ला न मानतां केलेली आहे. स्वित्झर्लंडमधील एकाच खोऱ्यांत आम्ही चौघें सात दिवस राहिलों: मी, माझी पत्नी, माझी आई आणि अडीच वर्षांची आमची कन्या.

त्या खोऱ्याचें नांव लाउटरब्रुनेन. बर्न परगण्याच्या दक्षिण भागांत, इंटरलाकेन गांवापासून आगगाडीनें अवघ्या वीस मिनिटांच्या वाटेवर तें आहे. नांवाचा अर्थ 'निर्मळ झरे' असा सांगतात. आणि खोऱ्यांत लहानमोठे बहात्तर धबधबे आहेत, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानाइतकाच उंच आहे. पण माथेरानला आपण डोंगराच्या माथ्यावर असतों आणि येथें पायथ्याशीं. युंगफ्राउ नांवाचें ४,१५८ मीटर उंचीचें हिमशिखर या खोऱ्यावर उभें आहे. माथेरानला उभें राहावें आणि वर पाहिलें तर आणखी तीन हजार मीटरांहून उंच बर्फाचा डोंगर दिसावा, अशी कल्पना केली म्हणजे त्या जागेचा थोडासा अंदाज येईल.

या खोऱ्याचा आकार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लहान मुलाची सोय त्याच आकारानें केलेली आहे. आपल्या सह्याद्रींतील बहुतेक दऱ्या पाण्यानें कोरलेल्या आहेत. पाणी खालीं खालीं चिरत जातें, म्हणून दरीच्या तळाशीं ओढा, धोंडे आणि काटेरी झुडपें यांखेरीज फारसें कांहीं उरत नाहीं. तेथें लहान मुलाला पाऊल टाकायला जागा नसते. लाउटरब्रुनेनचें खोरें बर्फानें कोरलेलें आहे. सुमारें चोवीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाचा जोर होता तेव्हां, येथून प्रचंड हिमनदी वाहत होती. ती केवळ तळ खोदीत नव्हती; दोन्ही बाजूंचे डोंगरहि घासून उभे करीत होती. ती मागें हटल्यावर नद्यांनीं आणलेल्या गाळानें आणि वाळूनें तळ भरून सपाट झाला. गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोण असते ना, तसा त्याचा आकार आहे: दोहों अंगांना शेंकडों मीटरांच्या ताशीव भिंती आणि मधें हिरवें, सपाट कुरण.

या कुरणांतून लाउटरब्रुनेनपासून स्टेखेलबर्ग या वाडीपर्यंत नदीच्या कडेनें पाऊलवाट जाते. अंतर सुमारें सहा किलोमीटर आणि साऱ्या वाटेंत मिळून चढ शंभर-सव्वाशें मीटरांचा. डोक्यावर आल्प्सचीं शिखरें आणि पायाखालीं घराच्या अंगणासारखी वाट, असा योग डोंगराळ मुलुखांत क्वचितच जुळून येतो.

स्वित्झर्लंडमधील पाऊलवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर गांवाचें नांव असतें, पण किती किलोमीटर तें लिहिलेलें नसतें. किती वेळ लागेल तें लिहिलेलें असतें. सपाटीवर माणूस ताशीं चार किलोमीटरांहून किंचित् अधिक चालतो असें धरून हा हिशेब केलेला आहे. अर्थात् हा माणूस प्रौढ आहे. आमच्या कन्येबरोबर पहिल्याच दिवशीं आम्ही त्या पाटीवरील वेळेला तिनानें गुणलें, आणि दुसऱ्या दिवशीं गुणण्याचें सोडूनच दिलें. कारण तिची चाल हळू होती असें म्हणणें चुकीचें ठरेल. तिच्या वाटेवर मुक्कामच पुष्कळ होते. एक शंखाची गोगलगाय वाट ओलांडीत होती. ती पलीकडे पोहोंचेपर्यंत आम्हां चौघांना उभें राहावें लागलें. लांकडी हौदांत नळीनें पाणी पडत होतें. त्यांत हात घातल्यावांचून पुढें जाणें शक्य नव्हतें. नदीचें पाणी दुधासारखें पांढुरकें दिसतें, म्हणून तिला पांढरी ल्युचिने म्हणतात. हिमनद्यांनीं दळलेलें खडकाचें पीठ त्या पाण्यांत तरंगत असतें. हें मी समजावून सांगितलें तेव्हां कन्येनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "पीठ कोण दळतें?" मीं म्हटलें, "बर्फ." तिला तें तत्काळ पटलें. प्रौढ माणसाला पटवायला मला बराच वेळ लागला असता.

गांवाला लागूनच श्टाउबबाख हा धबधबा आहे. त्याची धार २९७ मीटर, जवळजवळ एक हजार फूट, कड्यापासून सुटून खालीं पडते. वाऱ्यानें तिचें इतकें बारीक तुषारांत रूपांतर होतें कीं खालीं पोहोंचेपर्यंत तें पाणी न राहतां धूळच होतें. म्हणूनच नांव 'धुळीचा ओढा'. जर्मन कवि गटे १७७९ सालच्या ऑक्टोबरांत येथें आला होता. माणसाचा आत्मा पाण्यासारखा आहे, हा त्याच्या एका प्रख्यात कवितेंतील विचार त्याला या धारेवरून सुचला. आमची कन्या मात्र धबधब्याकडे पाहतच नव्हती. हजार फुटांवरून पडणारें पाणी तिच्या दृष्टीच्या टप्प्यांतच येत नव्हतें. ती गवताकडे पाहत होती. मग वाऱ्याच्या एका झोताबरोबर तुषार तिच्या तोंडावर आले. तिनें वर पाहिलें, पुन्हां खालीं पाहिलें आणि निर्णय दिला, "पाऊस." लहान मुलाला धबधबा दाखवावयाचा असेल तर तो लांबून दाखवूं नये, अंगावर येऊं द्यावा, एवढें मी तेथें शिकलों.

खोऱ्याच्या मध्यावर ट्र्युमेलबाख नांवाचा दुसरा चमत्कार आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन पर्वतांच्या हिमनद्यांचें पाणी डोंगराच्या पोटांतून दहा टप्प्यांनीं कोसळतें. भरांत असतांना तें सेकंदाला वीस हजार लिटरांपर्यंत वाहतें. आंतून बोगदे, जिने आणि पाळणा यांची सोय केलेली आहे. परंतु वाट ओली, निसरडी आणि आवाज कान बधिर करणारा. म्हणून चार वर्षांखालील मुलांना आंत घेत नाहींत. हा नियम वाचून दाराशीं कांहीं आईबाप हिरमुसतात. आम्हीं पाळ्या लावल्या. आधीं आई आणि पत्नी आंत गेल्या, मग मी गेलों, आणि ज्याची पाळी नसेल त्यानें बाहेर मुलीबरोबर दगड वेंचावे असें ठरलें. तो सगळा डोंगर एकसारखा थरथरतो. आंतील गर्जना मी विसरणार नाहीं. पण बाहेर वेंचलेले अकरा दगड घरीं येऊन पोहोंचले आहेत, हेंहि नमूद केलें पाहिजे.

हिमनदीनें खोऱ्याच्या भिंती उभ्या घासल्या, पण त्यांच्या माथ्याशीं दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या शिल्लक राहिल्या. त्या पायऱ्यांवर दोन गांवें वसलीं आहेत: पूर्वेस १,२७४ मीटरांवर वेंगेन आणि पश्चिमेस १,६३८ मीटरांवर म्यूरेन. दोन्ही गांवांत बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे. रस्त्यावर मुलाचा हात सोडतां येणें ही किती मोठी चैन आहे, हें शहरांत राहणाऱ्यांना निराळें सांगावयास नको. म्यूरेनला जायला आधीं तारेवरचा पाळणा आणि मग कड्याच्या कांठानें धांवणारी छोटी विजेची आगगाडी आहे. ती १८९१ सालापासून चालू आहे. सहा वर्षांखालील मुलाला आईबापांबरोबर स्वित्झर्लंडच्या गाड्यांत बहुधा तिकीट पडत नाहीं. त्यामुळें आमची सर्वांत उत्साही प्रवासी फुकट हिंडत होती. पाळण्यांत चढतां-उतरतांना हवेचा दाब बदलून कान दडतात. मोठी माणसें आवंढा गिळतात. मुलाला तें सांगून कळत नाहीं, म्हणून त्या वेळीं पाणी पाजावें किंवा कांहीं चघळायला द्यावें.

म्यूरेनच्या कट्ट्यावरून समोर तीन शिखरें ओळीनें दिसतात. युंगफ्राउ म्हणजे कुमारिका आणि म्योंख म्हणजे मठांतील साधु. आयगर या नांवाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. परंतु तो राक्षस असून कुमारिकेला त्यापासून वांचविण्यासाठीं साधु मधें उभा आहे, अशी लोकांत समजूत आहे. आजीला एवढें साहित्य पुरेसें होतें. तिनें नातीला मांडीवर घेऊन तेथल्या तेथें कथा रचली. ती अर्धा तास चालली, आणि शेवटीं 'राक्षस जेवला का?' या प्रश्नाशीं येऊन थांबली. आजीनें त्याला भात वाढला तेव्हांच आम्हांला उठतां आलें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. या खोऱ्यांत येणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी युंगफ्राउयोखला जातो. योख म्हणजे जूं. दोन शिखरांमधील खोलगट खिंडीला तेथें हें नांव देतात. आडोल्फ गुयर-झेलर या उद्योगपतीनें १८९३ सालीं डोंगरांत हिंडतांना तेथपर्यंत आगगाडी नेण्याची कल्पना केली. १८९६ सालीं काम सुरू झालें; तो १८९९ सालीं वारला; आणि १ ऑगस्ट १९१२ रोजीं गाडी ३,४५४ मीटरांवर पोहोंचली. नऊ किलोमीटरांहून थोड्या अधिक मार्गांपैकीं सात किलोमीटरांहून जास्त मार्ग आयगर आणि म्योंख यांच्या पोटांतून जातो. युरोपांतील सर्वांत उंच रेल्वे स्थानक तें हेंच. आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी, आलेच, तेथून दिसते. एवढ्या लांब येऊन तें पाहावयाचें नाहीं?

आमच्या घरांत यावर एक संध्याकाळ वाद झाला. पत्नीचें म्हणणें, सर्वांनीं जावें. तेथें लहान मुलें घेऊन जाणारीं कुटुंबें पुष्कळ असतात. माझें म्हणणें निराळें होतें. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें दोन-तृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायुहि तितकाच कमी. सुमारें अडीच हजार मीटरांच्या वर माणसाला उंचीचा त्रास होऊं शकतो. डोकें दुखतें, मळमळतें, झोंप लागत नाहीं. मोठ्या माणसाला हें सांगतां येतें आणि उतरून जातां येतें. अडीच वर्षांच्या मुलाला 'माझें डोकें दुखतें' हें वाक्य क्वचितच सुचतें. तें किरकिरतें, खात नाहीं, निजत नाहीं. आणि या तिन्ही गोष्टी तें घरीं सुद्धां करीत असल्यानें आईबापांना उलगडा होत नाहीं. शिवाय आमच्या मुलीला नुकतीच सर्दी झाली होती. निघण्यापूर्वीं मुलांच्या डॉक्टरांनींहि, तिला इतक्या उंचीवर एका झपाट्यांत नेऊं नये, असेंच सांगितलें होतें.

शेवटीं आजीनें निकाल दिला. ती म्हणाली, "तुम्ही दोघं भांडूं नका. मी आणि सूनबाई जातों. तूं तिला घेऊन खालीं राहा. बापानं एक दिवस पोर सांभाळलं म्हणून कांहीं डोंगर पडत नाहीं." आईचें वय चौसष्ट, तिनें आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधींच घेतला होता. दोघी सकाळीं निघाल्या. मी आणि कन्या खालीं ओढ्यांत दगडांचें धरण बांधीत राहिलों. दुपारीं तें वाहून गेलें तेव्हां तिला पराकाष्ठेचा आनंद झाला, आणि आम्हीं तें पुन्हां बांधलें.

संध्याकाळीं दोघी परत आल्या. आईनें हिमनदीचें वर्णन केलें. दूरवर पसरलेला पांढरा राजमार्ग आणि त्यावर काळ्या पट्ट्या, असें ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "वर पायऱ्या चढतांना धाप लागली रे, आणि डोकं जड झालं. मीं लगेच सांगितलं, आम्ही थोडं बसलों, गाडीनं खालीं आलों. मला सांगतां आलं. हिला काय सांगतां आलं असतं?" वाद तेथें कायमचा मिटला. जो बोलूं शकत नाहीं त्याच्या वतीनें आधींच विचार करणें, हें बरोबरच्या मोठ्या माणसांचें काम आहे. शिखर ज्यांना पाहावयाचें त्यांनीं जरूर पाहावें. पण त्यासाठीं सर्वांनींच एका वेळीं वर गेलें पाहिजे असें नाहीं.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पाठीवरच्या झोळींत बसलेलें मूल चालत नसतें, म्हणून बाप घामाघूम झाला तरी मुलाचे पाय गार पडलेले असतात. ते अधूनमधून चांचपून पाहावे. दर हजार मीटर उंचीला उन्हाचे अतिनील किरण सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतात आणि ताजें बर्फ त्यांतील बहुतेक परत फेंकतें. म्हणून हवा गार असली तरी टोपी आणि काळा चष्मा टाळूं नये. गांवोगांवच्या हौदांचें पाणी, तसा मनाई करणारा फलक नसेल तर, पिण्यास योग्य असतें. रविवारीं पुष्कळ दुकानें बंद राहतात, म्हणून दूध-फळें शनिवारींच आणून ठेवावीं. आम्ही स्वयंपाकघर असलेलें छोटें घर भाड्यानें घेतलें होतें. मुगाची डाळ आणि तांदूळ येथून नेले होते. परक्या देशांत रात्रीं आठ वाजतां मऊ खिचडीचा घांस मिळाला कीं मुलाला तें घर आपलेंच वाटूं लागतें. अडचण एकच आली: जूनमध्यें तेथें रात्रीं साडेनऊपर्यंत आकाशांत उजेड असतो, आणि 'अजून दिवस आहे' हा आमच्या कन्येचा मुद्दा खोडून काढणें कठीण होतें. जाड पडदे असलेली खोली मिळाली तर अवश्य घ्यावी.

जून महिन्यांतच तेथील गुरें वरच्या कुरणांत चढूं लागतात. 'आल्प' हा शब्द मुळांत या उंचावरच्या कुरणाचाच वाचक आहे. बर्फ वितळत जाईल तसतशीं गुरें टप्प्याटप्प्यानें वर जातात, तेथेंच त्यांच्या दुधाचें चीज होतें, आणि सप्टेंबरांत तीं खालीं उतरतात. आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून पाहतों, तीं हिरवीं कुरणें शेंकडों वर्षें गुरें चारून आणि गवत कापून राखलेलीं आहेत. कापणी थांबली तर थोड्याच वर्षांत तेथें रान माजेल. म्हणून गवतांत शिरूं नये, फाटक उघडलें तर लावावें. ती कोणाची तरी शेती आहे.

आणि ज्या बर्फानें हें खोरें घडविलें, तें बर्फ आतां वेगानें कमी होत आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनीं आपल्या घनफळाचा सुमारें दहावा हिस्सा गमावला. लाउटरब्रुनेनच्या टोकाच्या डोंगररांगेपलीकडे ल्योचेनटाल नांवाचें दुसरें खोरें आहे. तेथें २८ मे २०२५ रोजीं डोंगराच्या कोसळलेल्या खडकांच्या भारानें बिर्ख ही हिमनदी तुटून खालीं आली आणि ब्लाटेन हें गांव जवळजवळ संपूर्ण गाडलें गेलें. डोंगरावर सतत नजर ठेवणाऱ्यांनीं धोका ओळखून कांहीं दिवस आधींच सुमारें तीनशें रहिवासी आणि त्यांचीं गुरें हलविलीं होतीं. एका माणसाचा बळी गेला; तेथील बाकीचीं मुलेंमाणसें वांचलीं, पण त्यांचें गांव उरलें नाहीं. चित्रासारख्या दिसणाऱ्या खोऱ्यांतहि माणसें अशा जागरूकतेवर जगत असतात, हें पाहुण्यानें जाणून असावें. आमची कन्या मोठी होऊन पुन्हां तेथें गेली तर धबधबे आणि भिंती तिला दिसतील. आजीनें पाहिलेली हिमनदी मात्र तेवढी राहिलेली नसेल.

आतां पहिल्या सल्लागाराचा प्रश्न उरतो: मुलाला काय आठवणार? त्याचें म्हणणें खरें आहे. तिला यांतलें बहुधा कांहींच आठवणार नाहीं. परंतु मूल अडीच वर्षांचें असतांना कसें बोलत होतें, कशापाशीं थांबत होतें, कशाला हंसत होतें, हें आईबापहि विसरतात. घरच्या धांवपळींत तें पाहायलाच वेळ नसतो. सात दिवस एकाच खोऱ्यांत, तिच्या पावलानें चालल्यामुळें तें आम्हांला पाहायला मिळालें. तिच्या वतीनें आठवण ठेवण्याचें काम आमचें आहे, आणि आजीनें तर तें केव्हांच सुरू केलें आहे. म्हणून लहान मूल घेऊन निघणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: स्थळें कमी करा, दिवस वाढवा, आणि पाटीवरील वेळेला निदान तिनानें तरी गुणा.